सुताखालची चीर

अहो,

पहिल्या हाकेला ओ द्यायची सवय तुम्हाला कधीच नव्हती. आता तर हाक मारायचीही सोय राहिली नाही, म्हणून लिहायला बसले आहे. सातवी शिकलेली बायको केली म्हणून गावभर सांगत फिरायचात, पण तिच्यावर पत्र लिहायची वेळ मात्र कधी आणली नाहीत. लांब गेलात तर शिरूर, नाहीतर न्हावरा, केडगाव. वादळात कुणाची चिंच मोडली, कुणाचा आंबा उभा चिरला, की करवत, कोयता आणि दोर घेऊन निघायचात आणि दिवस बुडायच्या आत दारात. मग पत्र कशाला लागतंय?

आज लागलं. काल दामूभाऊ येऊन गेले. त्यांनी जे सांगितलं ते ऐकल्यापासून माझं डोकं चालेनासं झालंय. चुलीवर दूध ठेवते आणि समोर उभी राहून ते उतू जाताना बघते. आणि आज सकाळी मी जे केलं ते मीच केलं का, हेही मला खरं वाटत नाही. आत्याबाई आत भिंतीकडं तोंड करून, लेकाचं नाव घेत पडल्यात. पोरीला आईकडं खुटबावला पाठवलंय. तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला?

आधी त्या दिवसाचं सांगते. तुम्ही शाळेजवळच्या वडावर होतात आणि मी घरी, त्यामुळं माझ्याकडचं तुम्हाला ठाऊक नसणार.

मी अंगणात ज्वारी पाखडत होते. मोठा आवाज झाला. मला वाटलं, उतरवली फांदी एकदाची. पाखडत राहिले. मग शेजारची मंदा पळत आली आणि दारात नुसतीच उभी राहिली. मी काय विचारलं असेल? "शाळंवर पडली का?" एवढंच विचारलं. मंदा माझ्याकडं बघतच राहिली. तुम्हाला आठवडाभर तोच घोर होता ना, ती मोडकी फांदी कौलांवर यायला नको! तोच माझ्या तोंडातून बाहेर पडला. नवरा कसा आहे, हे मी विचारलंच नाही. शाळेला काही झालं नाही, तुम्ही चला, असं म्हणून तिनं माझा हात धरला, तेव्हा सूप माझ्या हातातच होतं.

तुम्ही पाल्यात पडला होतात. अंगावर कुठं फारसं रक्त नव्हतं. मला वाटलं, उठाल. खरंच वाटलं हो! पारगावच्या आंब्यावरून घसरलात तेव्हा उठून आधी कोयता शोधला होतात, मग कंबर चोळली होतीत. म्हणून मी तिथं उभी राहून तुमचा कोयता शोधत होते. बायका मला धरून बसवत होत्या आणि मी म्हणत होते, कोयता कुठं गेला, त्यांना लागंल.

लोकांनी सांगितलं ते असं. फांदी नीट उतरली, शाळेला धक्का न लागता बाजूला पडली. सगळे तिच्याकडं बघत होते. तेवढ्यात तुमच्या कमरेचा दोर ढिला पडला, तुम्ही घसरलात आणि खालच्या खुंटावर छातीनं आदळलात. दोराचं दुसरं टोक शेजारच्या कडुनिंबाला वेढा देऊन दामूभाऊंच्या हातात होतं. दोर ढिला झाला म्हणजे कुणी केला? झालं. गावाला एवढं पुरलं.

दामूभाऊंच्या दोन्ही तळहातांची सालटी निघाली होती. त्यावरही लोक म्हणाले, बघा, दोर हातातून सुटल्याचीच खूण.

तुमची त्यांची जोडी किती वर्षांची? तुम्ही वर, ते खाली. त्यांच्या बौद्धवाड्यातून ते सकाळी निघायचे आणि आपल्या दारात येऊन खाकरायचे. चहा दारातच प्यायचे. आत या म्हटलं तरी आत्याबाईंकडं बघून दारातच बसायचे, आणि मग तुम्हीही कप घेऊन त्यांच्याशेजारी उंबऱ्याबाहेर जाऊन बसायचात. आत्याबाईंना ते आवडायचं नाही, पण तुम्हाला बोलून उपयोग नाही हे त्यांनाही कळलं होतं.

तेराव्याला दामूभाऊ आले होते. हाताला फडकी बांधलेली. रांगेत बसले नाहीत, बाहेर चिंचेखाली उभे राहिले. आत्याबाई उठून बाहेर गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, माझं लेकरू खाल्लंस, आता जेवायला आलास का? ते खाली बघून निघून गेले. त्या दिवसापासून त्यांना कुणी कामाला बोलावलेलं नाही. त्यांच्या बायकोला आपल्या आळीच्या विहिरीवरून आता सरळ परत पाठवतात म्हणे. माणसानं एवढं ऐकून घेऊन गप्प का बसावं, हे मला कळत नव्हतं. आता कळलंय, आणि कळलं नसतं तर बरं, असंही वाटतंय.

त्या वडाचं तुम्हाला नवीन काय सांगायचं? पण मला एकदा नीट मांडून बघू दे. छातीएवढ्या उंचीवर बेचकं, तिथून दोन खोडं, एक शाळेकडं झुकलेलं, एक कडुनिंबाकडं. दुष्काळात अख्खं गाव त्याचा पाला गुरांना ओरबाडत होतं, तेव्हा तुम्ही खाली उभे राहून लोकांशी भांडायचात. पाला न्या, पण फांदी तोडायची तर आधी खालून खाच घ्या, मग वरून कापा, नाहीतर फांदी जाताना निम्म्या झाडाची साल घेऊन जाते. लोक हसायचे, गुरं मरायला लागलीत आणि याला सालीची पडलीय. आणि तुम्ही कापलेल्या जागी शेणमातीचा लेप लावत फिरायचात. तो लेप कोण मळायचं? मी! भाकरीच्या पिठासारखा मळ, गुठळी राहिली तर झाडाला टोचंल, म्हणे. झाडाला टोचंल! मला कधी काही टोचलं का, हे कधी विचारलंत?

वळवाच्या वादळात शाळेकडच्या खोडाची ती मोठी फांदी मोडली आणि नुसत्या सालीला लोंबकळत शाळेच्या कौलांच्या वर अधांतरी राहिली. सरपंच म्हणजे आपले तात्या दुसऱ्याच दिवशी घरी आले. शाळा उघडायची होती. तुम्ही बघून आलात आणि म्हणालात, दोर बांधून आवळून ठेवतो, पण उतरवायची ती पौर्णिमा झाल्यावर. बायांना वड पुजायचाय, त्यांच्या सणाला झाडावर करवत नको. पोरांना देवळात बसवलं.

आम्ही वड पुजला. मोडकी फांदी एका अंगाला लोंबतेय आणि आम्ही दुसऱ्या अंगानं वाकून वाकून फेऱ्या घालतोय! यंदा सूत जरा जास्तच झालं होतं. वादळानं सगळ्याच घाबरल्या होत्या, ज्या एरवी दोन पदर घेतात त्यांनीही चार घेतले. बुंधा गुडघ्याखालपासून बेचक्यापर्यंत पांढरा झाला होता, वर हळदीकुंकू. घरी आल्यावर तुम्ही काय म्हणालात आठवतं? "साती जल्म मीच का? एखाद्या जल्मी जरा बरा बघ की." मी रागावले. सणाच्या दिवशी तोंडाला येईल ते बोलू नका म्हणाले. तुम्ही हसत हसत दोराला तेल लावत बसलात.

आता कालचं.

दुपारी दामूभाऊ मागच्या दारानं आले. आत्याबाई शेतात होत्या. ते बसले नाहीत. हातावर नवी कातडी आलीय, गुलाबी, पोराच्या हातासारखी. म्हणाले, "वहिनी, शाळंला पुन्हा धोका नको म्हनून तात्यांनी झाड काढायचं ठरवलंय. उद्या दौंडच्या वखारीची माणसं वड पाडायला येनार. बुंध्यातनं करवत लावनार. तात्यांना सांगा, आधी सूत काढून बघा म्हनावं. सुताखाली चीर हाय. करवत लावली की बुंधा उभा फाटंल, आन् खाली बसलेली माणसं मरतील. माझं कोण ऐकनार न्हाई. तुमचं ऐकतील."

मी विचारलं, चीर आहे हे तुम्हाला कसं ठाऊक? त्यांनी आधी मागं कुणी नाही ना ते बघितलं. मग सांगितलं. फांदी सुटली, त्याचा हिसका बसला आणि तुम्ही ज्या खोडावर उभे होतात ते खोडच कडुनिंबाच्या बाजूला खचलं. दोर त्याच खोडाच्या वरच्या फांदीवरून आला होता. खोड दामूभाऊंच्या अंगावर झुकलं तसा दोर ढिला पडला. त्यांनी तो ओढून घ्यायच्या आत तुमचा पाय सुटला, आणि तुमचा भार आला तो त्यांचे हात सोलून गेला. त्यांनी बुंध्याकडं बघितलं तर सूत ताणलेलं, काही पदर तुटलेले आणि आत काळी फट. मग खोड परत जागेवर आलं आणि फट मिटली. बाकीचे सगळे पडलेल्या फांदीकडं बघत होते.

अहो, मी हे ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एकच, की हे खोटं आहे. कारण तुम्ही चढायच्या आधी झाडाभोवती फिरायचात. कोयत्याच्या पाठीनं खोड ठोकायचात, कान लावायचात, मी बाजारात मडकं घेते तसं. मी तुम्हाला चिडवायची, मला बघायला आलात तेव्हा माझंही डोकं असंच ठोकून बघायचं होतं. एवढा सावध माणूस! तुम्हाला चीर दिसली नाही?

"ठोकलं की," दामूभाऊ म्हणाले. "सुताच्या जागी आवाज बद्द येत हुता. मीच म्हनलो, सोपानदा, सूत काढून बघू या. तर म्हनला, नको. पौर्णिमा होऊन चार दिस न्हाई झालं, बायांनी नवऱ्यासाठी गुंडाळलंय. त्यात आमच्या हिचंबी हाय. मी कोयता लावला तर तिला काय वाटंल."

मी विचारलं, मग तुम्ही का नाही लावला कोयता? तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघत म्हणाले, "आमच्या वाड्यातल्या माणसानं तुमच्या बायांच्या सुताला कोयता लावला असता, तर सांजच्याला काय झालं असतं, तुमाला ठावं हाय, वहिनी."

ठाऊक आहे. मला काय, सगळ्या गावाला ठाऊक आहे.

आणि हे इतके दिवस सांगितलं का नाही, तर दामूभाऊ म्हणाले, वहिनी, तुम्हाला कळलं असतं की तुमच्या सुतापायी झालं, मग तुम्ही कशा जगला असतात? मला दोर सोडणारा म्हणतात तर म्हणू देत. वखारीची माणसं येणार नसती तर हा माणूस मरेपर्यंत बोलला नसता. असा कसा हो माणूस? आणि तुम्ही दोघं मिळून असं कसं ठरवत होतात की मला काय वाटेल? मला एकदा येऊन विचारायचं होतं! घर काही शिरूरला नव्हतं. शाळेपासून हाकेच्या अंतरावर मी ज्वारी पाखडत होते. माझ्या सुताला कोयता लावला असतात तर मी चार दिवस फुगून बसले असते. चारच दिवस! तुम्ही चिवडा आणला असतात आणि मी बोलले असते.

आज सकाळी वखारीची माणसं आली. नवरा गेलेल्या बाईनं इतक्यात उंबरा ओलांडायचा नसतो, पण मी ओलांडला. तुमचा कोयता घेतला. तो दामूभाऊंनीच शोधून, पुसून तेव्हाच आणून दिला होता. वडाखाली तात्या होते, मास्तर होते, निम्मं गाव होतं. बायकाही होत्या, वड पाडणार म्हणून लांब उभ्या राहून डोळे पुसत होत्या. मला बघून सगळे बाजूला सरले. पांढऱ्या कपाळाची बाई, हातात कोयता. मला वेड लागलं असंच वाटलं असणार.

मी तात्यांना म्हणाले, करवत लावू नका, आधी सूत काढायचंय. तात्या म्हणाले, तू घरी जा, बघतो आम्ही. मी गेले नाही. आत्याबाई मागून येऊन माझ्या दंडाला धरायला लागल्या, म्हणाल्या, सवाष्णींच्या सुताला हात लावू नकोस, तुझ्यासारखं त्यांचंही करशील. तरी मी कोयता घातला. सूत पावसानं भिजून घट्ट बसलं होतं, एका घावाला तुटेना. कुंकवानं हात लाल झाले. एकेक थर सोलत गेले. माझं कुठलं आणि मंदाचं कुठलं, काही ओळखू येत नव्हतं.

चीर होती. बेचक्यापासून पार गुडघ्यापर्यंत. माझा पंजा आत मनगटापर्यंत गेला आणि आत गार लागलं. मी तसाच हात ठेवून उभी राहिले. वखारीचा मुकादम पुढं आला, वाकून बघितलं आणि आपल्या माणसांना म्हणाला, हत्यारं उचला. यात करवत घातली असती तर आपलीच मयत निघाली असती.

मग मी तुमचं नाव घेतलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आज. चारचौघांत, मोठ्यानं. "सोपानरावांचा दोर दामूभाऊंनी सोडला न्हाई. झाड फाटलं. बघा, येऊन हात घालून बघा." कुणी हात घातला नाही, पण सगळ्यांनी बघितलं. तात्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. दामूभाऊ शाळेच्या भिंतीपाशी उभे होते. त्यांच्याकडं बघायचं कुणाला जमेना.

आणि मग आत्याबाई बोलल्या. फार हळू. "म्हंजी तुमच्या सुतापायी गेला माझा सोपान. तुझ्या सुतापायी."

"व्हय," मी म्हणाले.

दुसरं काय म्हणणार होते? दामूभाऊ सुटले आणि मी सापडले. मंदा खाली बसून ते तुटलेलं सूत पदरात गोळा करत होती. तिचा नवरा धडधाकट आहे, तिला भीती वाटणारच. मला तिचा राग आला नाही. मला रडूही आलं नाही. अजून आलेलं नाही, म्हणून तर लिहितेय.

आता झाडाचं. बुंध्यातून पाडता येत नाही आणि तसं ठेवताही येत नाही, पुढच्या वाऱ्याला एक खोड शाळेवर येणार. तात्यांनी शेवटी दामूभाऊंना विचारलं, वाचंल का? ते म्हणाले, वाचंल. बैलगाडीच्या जुन्या चाकाची लोखंडी धाव लोहाराकडून बुंध्याला आवळायची, दोन्ही खोडांना टेकू द्यायचे, आणि मग वर चढून दोन्हीकडचा भार थोडा थोडा, सारखा उतरवायचा. दोर या वेळी वडावरून न्यायचा नाही, कडुनिंबावरून न्यायचा. अगदी तुम्ही बोलल्यासारखं वाटलं.

धाव आज दुपारी बसली. टेकू लागले. उद्या दामूभाऊ चढणार. आणि खाली दोर कोण धरणार, असं तात्यांनी विचारलं तेव्हा एकाची कंबर दुखायला लागली, एकाला विहिरीचं काम निघालं, एकाला शिरूरला जायचं होतं. कोण धरेल? दोर धरणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय. वरचा पडला तर झाडाला कुणी विचारत नाही.

मी म्हणाले, मी धरते. आपल्या बांधावरच्या आंब्याला दोर मीच धरत नव्हते का? तात्या नको नको म्हणाले. दामूभाऊही म्हणाले, वहिनी, तुमी नको. मी विचारलं, मग कोण?

मला भीती वाटतेय. त्याच जागी उभं राहायचंय, तोच दोर, वर तसाच माणूस. पण तुम्हाला वचन देते. उद्या दामूभाऊ चढले की माझी नजर दोरावर राहील. आत्याबाई काय म्हणतात, बायका काय कुजबुजतात, काही ऐकणार नाही. त्यांचे दोन्ही पाय परत मातीला लागेपर्यंत रडणार नाही, आणि तेवढा वेळ, अहो, तुम्हाला आठवणारसुद्धा नाही.

तुमची,
शेवंता